खुणा आणि भाव

शाहूपुरीच्या बाजारात, सौद्यात गुळाचा भाव पुन्हा उतरल्याची बातमी स्टेशनवर आली, तेव्हा सयाजी बाकावर बसला होता. शेजारी दोन गूळवाले बोलत होते.

"दत्तोबा, आतातरी ढेपा इका."

"थांबा की बादशहाभाई. चंद्राला खळं पडलंय, कावळ्यानं घरटं उंच बांधलंय. भाव चढणार."

"गेल्या बाजाराला बी ह्येच म्हणलासा."

"तवा गुरू वक्री हुता. जोशीबुवांनी मागनं सांगितलं."

"आन् भाव? रुमालाखाली बोटं धरून भाव ठरतोय, त्यात व्यापारी दर सौद्याला एक बोट कमी धरतोय, ते कळत न्हाय व्हय?"

"भाव काय, कुणीबी बघतंय. त्याला अभ्यास कशाला लागतोय?"

"तुमच्या गुळाला पाणी सुटलंय म्हणं."

"ती बी खूणच की! सगळ्यांचा माल नासणार, मग आपल्याला भाव."

"वैनी काय म्हणत्यात?"

"ती म्हणती, इकून मोकळं व्हा. पण तिला कुठं पंचांग कळतंय!"

सयाजीला राहवलं नाही. "पावणं, एकदा ऐका की तिचं."

"का? तुमची मंडळी लई जाणती हाय जणू?"

"हुती."

दत्तोबानं बोटांवर तिथी मोजली. मग म्हणाला, "एवढी अमावस्या जाऊ दे."

गाडी आली. तिघंही चढले. गूळ अजून विकायचा राहिला होता.