फळ्या डोलनांच्या, चर ट्रेसीबाईंचा

आजच्या निरोपसमारंभाचे अध्यक्ष आणि क्लूनबार पीटकापणी संघाचे, कापणी बंद होऊनही पदावरून न हललेले अध्यक्ष श्री. मॅलकी डोलन; व्यासपीठावर विराजमान आणि सँडविचच्या तबकाला समीपतम असलेले आदरणीय फादर कॉलमन; सत्कारमूर्ती, आपल्या दलदलीच्या संरक्षण अधिकारी श्रीमती डर्वला ट्रेसी; पहिल्या रांगेतल्या ॲट्रॅक्टाबाई डोलन; आणि खुर्च्या रिकाम्या असतानाही मागच्या भिंतीला टेकून उभं राहण्याची गावची परंपरा निष्ठेनं चालवणाऱ्या बंधूंनो आणि भगिनींनो,

मला बोलायला सांगण्यामागचं कारण अध्यक्षांनी आताच सांगितलं. ते म्हणाले, "हा वार्ताहर दोन्ही बाजूंचा नाही." मी ते प्रशस्तिपत्र समजतो. या मनुष्यानं माझ्या साप्ताहिकातल्या वार्तापत्राला 'सरकारी भाट' म्हटलं होतं आणि त्याच आठवड्यात ट्रेसीबाईंच्या कार्यालयानं मला 'कापणीवाल्यांचा कैवारी' म्हटलं होतं. उभयपक्षी शिव्या खाल्ल्यावाचून मध्यस्थ होता येत नाही, हे मी इथे शिकलो. शिवाय माझं वार्तापत्र घरोघरी वाचलं जातं की चूल पेटवायला वापरलं जातं, हा प्रश्न मी कधी विचारलेला नाही. उत्तर ठाऊक असताना विचारू नये.

ट्रेसीबाई इथे रुजू झाल्या त्या वर्षीचं तुम्हाला आठवतं का? दलदलीच्या वाटेवर रातोरात फलक लागला होता: 'डब्लिनच्या पाहुण्यांनी आल्या वाटेनं परत जावं.' बाई डब्लिनच्या नव्हत्याच. शेजारच्या परगण्यातल्या डेरीलाखच्या, पीट कापणाऱ्याच घरातल्या. पण आपण चौकशी केली नाही. चौकशी केली असती तर फलकावरचा मजकूर बदलावा लागला असता, आणि रंग संपला होता.

आपला राग खोटा होता असं मी म्हणणार नाही. ज्या घरात बापानं, आज्यानं मे महिन्यात दलदलीतून पीटच्या, त्या जळाऊ मातीच्या, काळ्या विटा कापल्या, जूनमध्ये उभ्या करून वाळवल्या आणि ऑगस्टमध्ये घरी आणून वर्षभर चूल तेवत ठेवली, त्या घराला एक दिवस सरकारनं सांगायचं की यापुढे कापायचं नाही. हे हलकं काम नव्हे. अध्यक्षांचं कापणीचं यंत्र साऱ्या गावासाठी फिरायचं. त्यावर त्यांचं घर चालायचं, डिझेलवाल्याचं चालायचं आणि शनिवारी पबचंही बरं चालायचं. यंत्र थांबलं, आणि दलदलीत पाणी अडवायला धरण बांधायचं पहिलं काम सरकारनं दिलं ते बाहेरच्या ठेकेदाराला. त्या दिवशी मॅलकीसाहेब बाईंना म्हणाले होते, "मॅडम, पाण्याला पगार मिळतो आणि माणसाला नाही, असं कसं हो?" बाईंनी त्यावर डब्लिनला पत्र लिहिलं. उत्तर यायला इतका अवधी लागला की तोवर यंत्राच्या खोऱ्यात चिमणीनं घरटं केलं.

आणि दुसरी बाजूही होती, दिसायला मात्र निवांत. दलदलीची कड कापली की मधल्या उंचवट्यातलं पाणी झिरपून जातं, शेवाळ वाळतं, आणि हजारो वर्षांत साचलेलं ते काळं धन नुसतं हवेत जाऊ लागतं. बाईंनी पाणी काढून देणारे चर बुजवले तेव्हा कुठे ते पाणी पुन्हा थांबायला लागलं होतं. सगळ्या कडा शांत झाल्या होत्या. एक सोडून.

ती एक कड फेस्टी डोलनची. अध्यक्षांचे थोरले बंधू. त्यांनी नुकसानभरपाई घेतली नाही, बदल्यात दुसरीकडचा कापणीचा पट्टा घेतला नाही आणि कुठल्याही कागदावर सही केली नाही. "मी कापत नाही. पण कापणार नाही असंही म्हणत नाही," ही त्यांची भूमिका. वेदान्तात याला काही नाव असेल; आपल्याकडे त्याला फेस्टी म्हणत.

फेस्टी गेले ते फेब्रुवारीत. मग मे आला.

आपल्या गावची रीत मी तुम्हालाच काय सांगू? ज्या घरात त्या वर्षी माणूस गेला, त्या घराचं पीट शेजाऱ्यांनी कापायचं. घरच्यांनी फावड्याला हात लावायचा नाही, फक्त जेवू घालायचं. ही रीत दुष्काळात मोडली नाही, युद्धात मोडली नाही. आणि फेस्टीची कड होती नेमकी उंचवट्याच्या पायाशी. तिथे फावडं लागलं असतं तर बाईंची सगळी वर्षं एका चरातून वाहून गेली असती, आणि बंदी मोडल्याबद्दल अध्यक्ष न्यायालयात उभे राहिले असते. न लागतं, तर शोकाच्या वर्षी पीट न पोचलेलं क्लूनबारमधलं ते पहिलं घर ठरलं असतं. याला धर्मसंकट म्हणतात. दोन्ही बाजूंना धर्मच असतो, म्हणून तर ते संकट.

ट्रेसीबाई फेस्टींच्या पत्नी ॲट्रॅक्टाबाईंच्या घरी गेल्या. मी तिथे होतो. सांत्वनाला गेलो होतो, असं मी म्हणतो. बातमी हुंगायला आला होता, असं ॲट्रॅक्टाबाई म्हणतात.

"घर तापवायला तेलाचा बंब बसवून देता येईल," ट्रेसीबाई म्हणाल्या. "योजना आहे."

"पोरी, मला थंडी वाजत नाहीये," ॲट्रॅक्टाबाई म्हणाल्या. "माझ्या नवऱ्यासाठी गाव दलदलीत उतरणार की नाही, एवढंच मला बघायचंय. बंबासाठी कोण येतं गं? एक प्लंबर!"

"ते उतरले तर मला अडवावं लागेल."

"मग अडव. तुझं काम तू कर. मी बटाटे सोलते, तेवढं माझं काम."

बाई तिथून निघाल्या त्या थेट अध्यक्षांच्या अंगणात. पुढचा संवाद मी कुंपणापलीकडून ऐकला. वार्ताहराला कुंपण हे आसनच असतं.

"रीत काय सांगते, डोलन? शेजाऱ्यांनी कापावं. बरोबर?"

"बरोबर."

"कोणाच्या पट्ट्यातून कापावं, हे रीत सांगते?"

"नाही सांगत. पण दुसऱ्याचा पट्टा देणार कोण? तुम्ही?"

"मी," बाई म्हणाल्या. "डेरीलाखला माझ्या वडिलांचा पट्टा आहे. तिथे बंदी नाही. रस्त्याकडचं टोक कोरडं आहे, तिथून कापा."

अध्यक्ष गप्प झाले. मित्रहो, ही घटना इतकी विरळा की मी तिची स्वतंत्र बातमी केली होती. संपादकांनी ती अविश्वसनीय म्हणून कापली.

बाईंनी एक गोष्ट मात्र सांगितली नाही, कारण सांगायची असते हेच त्यांना सुचलं नाही. वडील गेल्यावर त्यांनी तो पट्टा कापायचा नाही असं ठरवलं होतं. सुट्टीच्या दिवशी एकटीनं जाऊन, स्वतःच्या हातानं फळ्या ठोकून, ओलं पीट थापून खालचा चर बुजवला होता. पाणी थांबलं होतं. लालसर शेवाळ धरू लागलं होतं. सरकारी दलदल त्या पगारावर राखत होत्या. ही त्यांची घरची होती.

आता ठरलेल्या सकाळी आपली मंडळी फावडी, किटली आणि मॅलकीसाहेबांचा ट्रेलर घेऊन डेरीलाखला पोचली. बाईंना यायला थोडा वेळ होता. आणि आपल्या मंडळींनी काय केलं? क्लूनबारचा कुठलाही सुसंस्कृत माणूस परक्या पट्ट्यावर गेल्यावर प्रथम जे करतो तेच. चर पाहिला. चर बुजलेला! आपल्याकडे बुजलेला चर म्हणजे आळशी घर. घरात पुरुषमाणूस नाही, बाई बिचारी नोकरीवर, कोण बघणार? तेव्हा कापणीआधी उपकाराची परतफेड म्हणून जार्लथ मुलरेनीच्या नेतृत्वाखाली चर झकास मोकळा करण्यात आला.

बाई आल्या तेव्हा पाणी खळखळत चाललं होतं.

जार्लथ घाम पुसत म्हणाला, "बाई, तुमच्या चराचं पार गटार झालं होतं. केला साफ. आभार नकोत."

बाई काठावर उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "आत फळ्या होत्या."

"होत्या ना! कोणी गाढवानं ठोकल्या होत्या, निघता निघेनात."

"कुठे आहेत?"

जार्लथनं किटलीकडे बोट दाखवलं. किटली उकळत होती. खाली फळ्या जळत होत्या.

सगळ्यांना एकदमच समजलं. अध्यक्षांनी टोपी काढली. सभागृहात ती काढायला ते आजही तयार नाहीत, हे आपण पाहतोच आहोत. बाई एका ढेकळावर बसल्या. कुणीतरी त्यांच्या हातात चहा दिला, आणि त्या तो प्यायल्या. मग ज्या शब्दांत त्यांनी तोंड उघडलं ते फादरांच्या उपस्थितीत उच्चारता येणार नाहीत. उच्चारण्याजोगं शेवटचं वाक्य एवढंच होतं: "मॅलकी डोलन, चोरांची मी पहिल्या दिवसापासून वाट पाहत होते. आले ते मदतीला!"

"कापणी करू का परत जाऊ?" अध्यक्षांनी विचारलं.

"कापा. ॲट्रॅक्टानं बटाटे सोललेत."

दिवसभर कुणी विनोद केला नाही. कापणी आटोपली तेव्हा अध्यक्ष म्हणाले, "हे बुजवायचं कसं असतं ते सांगा."

"तुम्हाला नाही जमायचं."

"जन्म गेला आमचा चर खणण्यात. बुजवायला नाही जमणार होय?"

"नाहीच जमणार. तुम्ही पाण्याला वाट देणारी माणसं."

झालं. एवढं पुरलं. फळ्या नव्हत्या, तेव्हा अध्यक्षांनी ट्रेलरच्या बाजूच्या फळ्या उपसल्या. पहिला बांध गळला. दुसराही गळला. बाई काठावरून 'ओलं घ्या, खालचं घ्या, चोपा' असं सांगत होत्या, आणि ज्यांनी आयुष्यात पाणी अडवलं नव्हतं ती माणसं चिखलात गुडघ्यावर बसून एकमेकांना शिव्या देत पाणी अडवत होती. तिसरा टिकला.

जूनमध्ये त्या विटा उभ्या करायला आपल्या बायका गेल्या. ॲट्रॅक्टाबाईंनी जायचं नसतं, पण त्या गेल्या. तोवर पट्टा कोणाचा हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी चर पाहिला. काळ्या पाण्यातून वर आलेल्या फळ्यांवर पांढऱ्या रंगात मोठ्या अक्षरांत लिहिलेलं: 'एम. डोलन, क्लूनबार'. संघाचा अध्यक्ष, आणि त्याच्या नावाचं धरण! ॲट्रॅक्टाबाई हसल्या. फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा हसल्या. हसता हसता खाली बसल्या. मग त्यांनी सगळं विचारून घेतलं. पट्टा कोणाचा, आधीच्या फळ्या कोणाच्या, त्या गेल्या कुठे. ऐकून बराच वेळ विटा उभ्या करत राहिल्या.

संध्याकाळी त्यांनी अध्यक्षांना बोलावलं. "भावोजी, तुमच्याकडे अजून फळ्या आहेत?"

"कशाला, वहिनी?"

"फेस्टीच्या चराला."

"वहिनी, तो चर बुजला की ती कड पुन्हा कधी कापता यायची नाही. फेस्टीनं सही केली नव्हती!"

"मी तरी कुठे करतेय? मी फळ्या मागतेय."

सप्टेंबरात त्या चरावर सारं गाव उतरलं. सरकारी कागदावर आजही फेस्टी डोलन यांचा हट्ट अबाधित आहे. पाणी मात्र भरलं आहे. ॲट्रॅक्टाबाईंनी त्या दिवशी सगळ्यांना जेवू घातलं, आणि ट्रेसीबाईंना दुसऱ्यांदा वाढताना म्हणाल्या, "खा पोरी, तुझा पट्टा खाल्लाय आम्ही."

इथे टाळ्या वाजवायचा मोह होईल. जरा थांबा. या गोष्टीत दलदल वाचली ती दुसऱ्या दलदलीचा तुकडा कापून. बाईंनी ते जाणून केलं, आणि त्या हे कधी लपवत नाहीत. कोरडं टोक एकदाच कापता येतं. अध्यक्षांना आता धरणाच्या कामाला बोलावतात खरं, पण हंगामापुरतं. उरलेल्या महिन्यांत माणसानं काय करावं, याचं पत्र डब्लिनहून अजून यायचं आहे. आणि या जानेवारीत जार्लथची आई गेली. त्यांच्या घरी चूल पीटचीच आहे. मे जवळ आला. आता गाव कुठे उतरणार?

(मागून आवाज: "मी अजून ठरवलं नाही!")

ऐकलंत? जार्लथनं ठरवलेलं नाही. मलाही ठाऊक नाही, आणि बाई उद्या पश्चिमेकडे नव्या जागी रुजू होतात. काल मी त्यांना विचारलं, तुमच्या जागी येणाऱ्या अधिकाऱ्याला काय सांगून जाल? मला वाटलं, पाण्याची पातळी, शेवाळाचं क्षेत्र, कायद्याची कलमं असं काही सांगतील. त्या म्हणाल्या, "मे महिन्यात आधी जार्लथच्या घरी जा, म्हणणार आहे. दलदलीत मागाहून. आणि जाताना रिकाम्या हातानं जाऊ नको."

बाई, आमच्या वाट्याला जे आलं त्याबद्दल गाव तुमचं ऋणी आहे. जे आमच्यामुळे तुमच्या वाट्याला आलं ते तुम्ही मोठ्या मनानं पोटात घातलंत. अध्यक्षमहाशय, तुमच्या अध्यक्षतेखाली तुमचीच थट्टा करू दिलीत, त्याबद्दल आभार. फादर, सँडविचला अजून हात लावला नाहीत, या संयमाबद्दल आभार. बोलण्याच्या ओघात ज्यांचं नाव राहिलं त्यांनी रागावू नये, ज्यांचं नको तिथे आलं त्यांनी तर मुळीच रागावू नये. जिभेकडून कुठे अधिक-उणं झालं असेल, तर ते माझ्या वयाच्या पदरात घालावं आणि मला आपलं म्हणावं. नमस्कार.