अॅपवर आकाश मोकळं

नाही, नाही, पावसावर माझा राग नाहीच! पाऊस बिचारा सरळ माणूस, वरून निघतो, खाली येतो, आडवळण नाही... राग आहे तो ह्या डबड्यावर! ह्या मोबाइलमधल्या रडारच्या अॅपवर! दगा द्यावा हो माणसाला, पण त्याला काही धरबंध?

तुम्हाला सांगतो, माझा धंदा छपरांचा. जुने पत्रे काढणे, नवे बसवणे. सगळ्या गावाची छपरं केली मी, पण एक छप्पर काही केल्या मिळेना. कुणाचं? सासूबाईंचं! माझ्या लग्नापासून त्यांचं घर गळतंय, आणि माझ्या लग्नापासून त्या दुसऱ्याच कारागिराला बोलावतायत. का, तर म्हणे, "घरच्या माणसाला कशाला त्रास?" त्रास! अहो, एवढं कळत नाही का मला? जावई म्हणून पसंत, कारागीर म्हणून नापसंत! जेवायला बसलो की वरून टपकन थेंब माझ्या ताटात, आणि मी छपरांचा धंदेवाला, गप्प गिळतोय. तुम्हीच सांगा, मनाला लागतं की नाही?

आणि यंदा काय झालं कोण जाणे, त्या आपण होऊन म्हणाल्या, "जावईबापू, ह्या खेपेला तुम्हीच करा." मला रडू यायचंच बाकी राहिलं होतं!

आता आमच्या धंद्यात एक रीत आहे. पत्र्यांची एक ओळ काढायची, तिथे नवी बसवायची, मगच पुढची काढायची. सगळं घर एकदम उघडं टाकायचं नाही, आणि ताडपत्री कायम हाताशी. पण ही रीत कुणाची? ज्यांच्याकडे अॅप नव्हतं त्यांची! माझ्याकडे होतं ना! हिरवं म्हणजे भुरभुर, पिवळं म्हणजे बऱ्यापैकी, लाल म्हणजे पळा! मी इतका नादी लागलो होतो त्याच्या, की बायको खिडकीतून बाहेर डोकावली तर ओरडायचो, "आभाळात काय बघतेस? अॅपमध्ये बघ! डोळे फसवतात, रडार फसवत नाही!" मेहुण्याला तेच, शेजाऱ्याला तेच. माझे शब्द हो, माझे!

त्यातून सासूबाईंचं घर टेकडीच्या पायथ्याशी, आणि टेकडीवर काय? तो मोठा पांढरा गोळा, खुद्द रडार! म्हणजे अॅपला बातमी पुरवणारा शेजारीच राहतो! म्हटलं, इथे तर खबर एकदम ताजी. सकाळी बघितलं, अॅपवर मोकळं. चहा झाल्यावर बघितलं, अॅपवर मोकळं. मग एकेक ओळ कशाला काढत बसू? सगळे पत्रे एकदम उतरवू, संध्याकाळच्या आत नवे चढवू, सासूबाईंना दिसू तर दे कामाचा झपाटा! आणि ताडपत्री? ती घरी! अॅप असताना ताडपत्री नेणं म्हणजे त्याचा अपमानच की!

शेवटचा पत्रा उतरवला आणि अंधारून आलं. खालून सासूबाई, "जावईबापू, काळं झालंय हो." मी वरून, हसत, "आई, अॅपवर मोकळं आहे!" गार वारा सुटला. "जावईबापू, गडगडतंय..." "आई, अॅपवर मोकळं!" आणि जो काही कोसळला म्हणता... थेंब कसले, बादल्या! वर गारा! मी वाशाला मिठी मारून बसलोय, खाली गाद्या, उशा, कपाट, सासऱ्यांचा भिंतीवरचा फोटो, सगळं न्हातंय, आणि मी मोबाइल पोटाला पुसून बघतो तर काय... चहूकडे हिरवं-पिवळं कडं, आणि मधोमध, बरोब्बर माझ्या डोक्यावर, स्वच्छ गोल! मोकळं!

फोन लावला बायकोला. "अगं, ताडपत्री पाठव, आत्ताच्या आत्ता!" "कशाला?" "पाऊस पडतोय!" "थांबा हं, बघते..." मी थांबलो! नाकातोंडात पाणी जातंय आणि मी थांबलोय! "अहो, अॅपवर तर मोकळं आहे." "अगं, मी भिजतोय!" "डोळे फसवतात, तुम्हीच म्हणता ना?" ठेवला फोन! मेहुण्याला लावला, त्याच्याकडे टेम्पो आहे. तो खो-खो हसतोय, "भाऊजी, चेष्टा पुरे! मीही अॅप बघतो म्हटलं आता!"

पाऊस थांबला तेव्हा टेकडीवरचे रडारचे साहेब रेनकोट झटकत खाली येताना दिसले. गाठलंच त्यांना. "साहेब, तुमच्याच डोक्यावर ढग फुटला, आणि तुम्हाला दिसला नाही?" ते चष्मा पुसत, अगदी थंडपणे, "त्याला लांबचं दिसतं हो. थेट डोक्यावरचं नाही दिसत." डोक्यावरचं दिसत नाही! चार गावं पलीकडची भुरभुर दिसते, आणि स्वतःच्या टाळक्यावर पडतंय ते नाही! आणि हे सांगायचं कधी? पत्रे उतरवल्यावर?

आणि सासूबाई... फडक्यानं फोटो पुसत बसल्या होत्या. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं हो. इतक्या वर्षांनी एकदा विश्वास टाकला बाईंनी माझ्यावर, आणि ह्या डबड्यानं तो पाण्यात घालवला.

दुसऱ्या दिवशी सगळे जमले. मेहुणा म्हणाला, "आई, दुसरा माणूस बघू." मी मान खाली घालून उभा. आणि सासूबाई म्हणाल्या, "नाही. सुरू ह्यांनी केलंय, पुरंही हेच करतील." डोळे पुसतोय तोवर पुढचं वाक्य आलं, "फक्त पुरं होईपर्यंत ह्या घरात तुम्ही झोपायचं, जावईबापू. मी तुमच्याकडे जाते."

तर सध्या मी तिथे. वासे पाणी पिऊन फुगलेत, ते वाळल्याशिवाय पत्रा चढवता येत नाही, आणि रोज संध्याकाळी एक सर येऊन त्यांना वाळू देत नाही. ताडपत्री आली आहे, पण ती सासूबाईंच्या सामानावर. सासूबाई माझ्या घरी, माझ्या पलंगावर. आणि वर ढग जमले की नेमका त्यांचा फोन येतो, बायकोनं शिकवलंय त्यांना सगळं...

"जावईबापू, आत्ताच बघितलं हो मी. अॅपवर मोकळं आहे. झोपा निवांत."

मी म्हणतो, "हो, आई." आणि थेंब चुकवत कूस बदलतो.