पोट टेकलेली पिकअप

स्कूटर दुरुस्त होईपर्यंत वाचावं म्हणून बाईंनी गॅरेजच्या बाकावर मासिक उघडलं होतं. पण शेजारी बसलेल्या बहीणभावाचं बोलणं सुरू झालं आणि पान काही उलटलं नाही.

"ताई, मागचा एक्सल वाकलाय म्हणे."

"वाकणारच. ओझं वाहायची गाडी ती. तू स्प्रिंगचे पाटे काढून तिला जमिनीला टेकवलंस."

"दिसते कशी पण!"

"दिसली ना, अख्ख्या गल्लीला दिसली. माझा संसार पाठीवर घेऊन, सासरच्या दारातल्या स्पीड ब्रेकरवर पोट टेकून बसलेली."

"मागे ट्रेलर नसता तर निघाली असती."

"ट्रेलरही तुझीच हौस. म्हणे, एका फेरीत सगळं ओढून नेऊ, पुन्हा या दारात पाऊल नको."

"तूच म्हणालीस, ताठ मानेनं निघायचंय."

"मान ताठच होती रे. गाडी तेवढी जागची हलत नव्हती. कपाट उतरवलं, फ्रिज उतरवला, तरी ढिम्म."

"दाजींनी बघितलं?"

"गॅलरीतून. खाली यायचं तर आधी खुर्चीतून उठावं लागलं असतं."

"मग धक्का कोणी मारला? मी स्टिअरिंगवर होतो, मला वाटलं तूच."

"मी कपाटाला धरून उभी होते. धक्का सासूबाईंनी मारला, बाह्या सरसावून. आणि काय जोर रे त्यांचा! इतक्या वर्षांत माझ्या कामाला पहिल्यांदा हात लावला त्यांनी."