गोधडीवरचं दही

माझं नाव सुमनबाई. मूळची मी अमळनेरच्या अंगाची, तिथं आमच्या गावात घरोघरी म्हशी, दही असं लागायचं की मडकं कलतं केलं तरी हलायचं नाही. आणि लग्न होऊन आले ती थेट सुरतेला, उधन्याला, साठ-पासष्टचा सुमार असंल. मालक लूमच्या खात्यात, म्हणजे कापड विणायच्या कारखान्यात कामाला, चाळीतली शेवटची खोली आमची, तिची मागची भिंत अन् खात्याची भिंत एकच. दिवसरात खडखड. आधी कानाला त्रास झाला, मंग कान विसरून गेले.

काय सांगू तुम्हाला, त्या खोलीत माझं दही लागेचना. सकाळी झाकण काढावं तर वर पाणी, खाली कण्या. दूधवाला बदलला, पातेलं बदललं, विरजण जास्त घातलं तर आंबटढाण, कमी घातलं तर नुसतं दूध. पलीकडच्या हंसाबेन विरजणाला मेळवण म्हणायच्या, त्या आपल्या घरचं द्यायच्या, त्यांच्या खोलीत त्याच मेळवणाचं दही घट्ट अन् माझ्याकडं पाणी. आणि मी तर किती जपून ठेवायची, आई म्हणायची दह्याला ऊब लागते, म्हणून मागच्या भिंतीच्या फळीवर, खात्यामुळं ती भिंत कायम कोमट.

तुम्हाला वाटंल दह्याचं एवढं काय. पण आमच्या घरात नव्या सुनेच्या हातानं विरजण लावून घ्यायचे, लागलं तर म्हणायचे हिच्या हाताला यश आहे. माझं लागत नाही हे गावाला कळलं, त्यात लग्नाला काही वर्षं होऊन पोटी काही नव्हतं, मंग लोकांनी दोन्ही गोष्टी एकात गुंफल्या. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, गावाहून आल्या त्या ठरवूनच, हिला घेऊन जाते, पोराचं दुसरं पाहू. मालक काही बोलले नाहीत. ते बोलले नाहीत हे मला लागलं, अजून आठवलं की लागतं.

पहिल्याच सांजेला आत्याबाईंनी माझ्या हातातून पातेलं काढून घेतलं, तुना हातले जस नही, यश नाही तुझ्या हाताला, मी लावस, म्हणाल्या. फळी चाचपली, ऊब चांगली आहे म्हणाल्या, तिथंच ठेवलं. सकाळी त्यांनीच झाकण काढलं. मी स्टोपाशी, वर बघितलंच नाही. झाकण परत ठेवलं अन् म्हणाल्या, आज कढी कर. दुसऱ्या दिवशी बी कढी. तिसऱ्या दिवशी बी कढी. मालक जेवताना म्हणाले, रोज कढीच का, तर आत्याबाई म्हणाल्या, गपचीप खा.

हसण्यासारखंच व्हतं, पण मला हसू येत नव्हतं. त्यांचं दही बिघडलं म्हणून माझं यश थोडंच वाढत व्हतं, उलट म्हणतील हिच्यापायी घरच बिघडलं.

मंग खात्याला रजा आली. आदल्या सांजेपासून सगळे लूम बंद, चाळ अशी गप्प की एकमेकांशी बोलायला लाज वाटावी. आणि सकाळी झाकण काढलं तर दही, चमचा उभा राहील असं.  दुसऱ्या दिवशी खातं चालू झालं, आत्याबाई उठल्या, त्या फळीवर हात टेकला, आणि त्यांच्या हातातल्या काचेच्या बांगड्या आपोआप किणकिणायला लागल्या. दुसरा हात बी टेकून पाहिला. मंग म्हणाल्या, हाई घर हालस व, पोरी. पोरी म्हणाल्या. तोवर मला हाक मारायच्या तर नुसतं, ए.

त्या सांजेला त्यांनी स्वतःच्या अंथरुणातली गोधडी काढली, घडीवर घडी घातली, भिंतीपासून लांब, दारापाशी ठेवली अन् तिच्यावर दह्याचं पातेलं. थंडीचे दिवस. मी म्हटलं, आत्याबाई, माझी गोधडी घ्या ना, तर म्हणाल्या, मला गरम होतं. आणि पदर लपेटून चटईवर निजल्या. सकाळी दही लागलं व्हतं. गावासारखं नाही, पण लागलं व्हतं.

जाताना मला न्यायचं नाव काढलं नाही, माझं चुकलं असं बी म्हणाल्या नाहीत, गोधडी तेवढी राहू दिली. पुढं आखाजीला, अक्षय तृतीयेच्या सणाला, मी गावी गेले तर विहिरीवरच्या बाया सांगत्यात, तुझी सासू सगळ्यांना म्हणते, मनी सून हालता घरमा दही लावस, माझी सून हालत्या घरात बी दही लावते. मूल मला उशिरा झालं, ते काही दह्यानं नाही.

आता आम्ही सुरतेतच लिंबायतला, पोराच्या घरी. मालक नाहीत, आत्याबाई तर कधीच गेल्या. गल्लीत खानदेशातून नव्या पोरी येतात, इथं बी लूम आहेतच, एखादी मान खाली घालून पाणी झालेलं दही दाखवायला आणते. मी आधी म्हणते, बाई, तुझ्या हाताला काही झालेलं नाही. मंग विचारते, ठेवतेस कुठं. सुखात राहोत सगळ्या.

माझी सून म्हणते, आई, आपली भिंत तर हालत नाही, गोधडी पार विरली, टाकून देऊ. मी म्हणते, राहू दे. थंडीत हिच्यावाचून कोणी तरी निजलं व्हतं, माझ्यासाठी.