झुलत्या पुलाच्या अलीकडे

नाही, नाही, तुम्ही आधी. मी थांबतो. — अहो, संकोच कसला त्यात? मोठ्यानं धाकट्याला वाट द्यावी, ह्यातच मोठेपण. मघापासून येईल त्याला मी वाट देतोय. एक गलेलठ्ठ गृहस्थ गेले, ते गेले तेव्हा पूल पोट धरून हसावा तसा हलला. मागून एक बाई गेली, पाठीशी तान्हं बांधून. तान्हं खिदळत होतं. अज्ञान किती सुखाचं असतं पाहा! — बूट चावतोय का? मग बसा, ताई. काढा खुशाल. घाई कशाला? धबधबा काही उठून जात नाही. ऐकू येतोय ना इथवर? पलीकडे त्या वळणाआड आहे तो. नदीच्या कडेनं इतकी सुरेख, शांत वाट आली आणि शेवटी ही दोरांची झोळी टांगून ठेवली लोकांनी. कुणाची कल्पना, देव जाणे.

दमलो? छे! विसावलोय. दमणं शरीराचं असतं, विसावणं विचारपूर्वक असतं. मी मुख्याध्यापक होतो, ताई. रोज सकाळी प्रार्थनेनंतर मुलांना चार शब्द सांगत असे. निर्भयता हा माझा आवडता विषय. भय हे अश्रद्धेचं अपत्य आहे — हे माझंच वाक्य, शाळेच्या भिंतीवर रंगवून घेतलं होतं. — तसं पाहू नका. देवावर माझा पूर्ण भरवसा आहे. पण ह्या फळ्या देवानं ठोकलेल्या नाहीत. फाटकावरचा तो वनरक्षक म्हणाला, गुरुजी, बैल गेला तरी पुलाला काही होत नाही. मी विचारलं, गेला होता का बैल? म्हणाला, नाही. मग हे प्रमाण कसलं? शिकलेल्या माणसानं असल्या प्रमाणावर पाय ठेवावा?

ती ना? पलीकडे खडकावर बसली आहे ती? ती आमची मंडळी. हो, गेली. एकटी गेली. पदर खोचला, दोर धरला आणि अंगण ओलांडावं तशी गेली. मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही. आणि फार भित्री हो! पहिल्यापासून भित्री. रस्ता ओलांडताना माझा हात धरते, असा घट्ट की बोटं पांढरी पडतात. — माझी. म्हणजे हात पुढे मी करतो. मोटार आली की मागं ओढते ती. घरात पाल निघाली तर — नाही, मारायची नाही, जीवदया आहे. ती सुपात धरून बाहेर सोडते. मी मार्गदर्शन करतो. — कुठून? स्टुलावरून. उंचावरून नीट दिसतं. हसायला काय झालं? घरात कुणीतरी उंचावरून पाहणारा लागतोच.

खरं सांगायचं तर इथं यायचा हट्ट तिचा. माझं कसं, शाळेच्या सहली, अधिवेशनं, हिंडणं फार झालं. तिला घर होतं. माझी आई अंथरुणाला खिळलेली, तिचं सगळं हिच्याकडे. म्हणून मी जे पाहीन ते परत आल्यावर तिला सांगत असे. साग्रसंगीत! समुद्र मी पाहिला, तिला सांगितला. बर्फाचे डोंगर पाहिले, तेही सांगितले. सांगण्यात माझा हातखंडा आहे. ती भाजी निवडत ऐकायची, मधेच विचारायची, "पाणी गार होतं का हो?" आता तेवढं कोण बघतो? पण मी सांगायचो, होतं. आई गेल्यावर एके दिवशी मी धबधब्याची माहिती वाचून दाखवायला बसलो, तर चष्मा काढून घेतला माझा. "हा नका सांगू. हा मला बघायचाय."

आणि मघाशी, इथं ह्याच ठिकाणी, मी पुलाच्या बांधणीविषयी तिला दोन शब्द सांगत होतो — तर म्हणते कशी, "तुम्ही बसा इथंच. मी बघून येते, आणि आल्यावर सांगते तुम्हाला." हसून म्हणाली, ताई. टोमणा मारला असता, लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणाली असती, तर मी उत्तर दिलं असतं. टोमण्यांना माझ्याकडे उत्तरं आहेत. तिनं तसं काहीच केलं नाही. ती खरंच सांगणार होती मला. पाणी किती गार आहे तेसुद्धा सांगेल. आणि मी काय करू? भाजी निवडू?

पण गंमत पाहा, पुढे गेलीच नाही. केव्हाची तिथं बसून आहे, तोंड इकडे करून. मी दोनदा हातानं खूण केली, जा, जा म्हणून. तिनंही हात हलवला. एवढ्यासाठी इथवर आली, वळणापर्यंत पन्नास पावलं नसतील, आणि — उठली. उठली पाहा! गेली एकदाची. बरं झालं. जाऊ दे. एकानं तरी पाहावा.

अं? — कुठं जातेय? वळण तिकडे आहे. ही इकडे का — पुलाकडे येतेय. ताई, ही परत येतेय! न बघता! मी इथं एकटा बसलोय म्हणून. माझ्या आईपायी तिचा समुद्र गेला, आता माझ्यापायी — अगं ए! थांब! तिथंच थांब! पाऊल टाकू नकोस पुलावर! मी येतोय! — ऐकू जात नाही तिला, पाण्याचा आवाज. धरा, ही काठी धरा, मला दोन्ही हात लागतील. तुम्ही जरा पाठ फिरवा बरं. त्या झाडाकडे बघा. मी कसा गेलो ते कुणी पाहण्याजोगं असणार नाही. — अगं, थांब म्हणतो ना! येतोय! — देवा, फळ्या तुझ्या नसल्या तरी पाय तूच दिलेस, तेवढे सांभाळ. — किती बोलायला लावता हो माणसाला! बास. आता माझ्याशी अवाक्षर बोलू नका.