माजघरातला डबा

जमिनीतून घरात शिरून कोंदट हवेत साठणारा घातक रेडॉन वायू मोजायला जयमालाने वस्तीवर घरोघर डबे टांगायला दिले होते. तीन महिन्यांनी ‘सगळ्या घरांतली हवा उत्तम’ असा निकाल घेऊन ती मिरजगावच्या स्टँडवर बसली होती. पाठीमागच्या बाकावर वस्तीवरच्याच दोघी बोलत होत्या.

“डबा माजघरात टांगला हुता का गं?”

“न्हाई बाई. पोरीचं जमत आलंय. घरात वायू निघाला तर पाव्हनं काय म्हनतील? अंगनातल्या लिंबाला बांधला.”

“आन् न्यायला आले तवा?”

“आदल्या सांजंला परत खिळ्याला अडकवला. साऱ्या वस्तीनं तसंच केलं.”

“मग पाव्हन्यांना घर आवडलं?”

“आत कुठं नेलं? आत लई कोंदट हुतंय. लिंबाखालीच बसवलं.”