मी मयत नसल्याबाबत

नाव सायप्रोज अविनो ओग्वेनो, वय बत्तीस, धंदा सध्या शिक्षण, त्याआधी टायपिंगच्या दुकानात नोकरी, राहणार मन्याट्टा, किसुमू. माहेर सेमे. सासर उगुंजाच्या पलीकडे.

समक्ष ठाण्यात हजर राहून विचारल्यावरून सांगते की, मी वरील पत्त्यावर भाड्याच्या खोलीत एकटी राहते आणि मी जिवंत आहे. जिवंत असल्याचं पहिल्याच ओळीत घ्यावं अशी माझी विनंती होती. सार्जंट किपरोनो साहेब म्हणाले की आधी नाव, वय आणि धंदा येतो, बाकीचं नंतर. त्याप्रमाणे लिहिलं आहे.

आज सोमवारी सकाळी किबुये बाजारामागच्या आमच्या शिकवणी केंद्रासमोर मारामारी होऊन केंद्राच्या दाराची काच फुटली. त्याचं मूळ कारण मी आहे. मी कोणालाही हात लावलेला नाही. मी फक्त मेले होते.

सदर केंद्रात बायकांना सहा महिन्यांत सॉफ्टवेअरचं काम शिकवतात. त्याला बूटकॅम्प म्हणतात. आमच्या वर्गात केस विणणारी आहे, शाळामास्तरीण आहे, नर्स आहे. सगळ्यांत मागे मी आहे. माझा प्रोग्राम पहिल्यांदा चालला तेव्हा मी उभी राहून टाळ्या वाजवल्या होत्या. नंतर कळलं की तो शेजारच्या रोझबेलाचा होता, मी चुकून तिच्या पडद्याकडे बघत होते. तरीही मी एकही दिवस वर्ग चुकवला नाही. शेवटी प्रत्येकीने स्वतःचं एक काम तयार करून पाहुण्यांसमोर दाखवायचं असतं. पाहुणे नैरोबीच्या कंपन्यांमधून येतात आणि पसंत पडली त्या बाईला कामावर घेतात. ते येत्या शुक्रवारी येणार आहेत. माझ्या वयाच्या बाईला अशी संधी पुन्हा कोणी देणार नाही, हे मला चांगलं माहीत आहे.

टायपिंगच्या दुकानात मी चार वर्षे मयतांच्या अंत्यविधीच्या पुस्तिका टाइप केल्या. आमच्याकडे माणूस जिवंतपणी अर्ध्या पानात मावतो आणि मेल्यावर त्याला फोटोंसकट आठ पानं लागतात. ते करताना मला नेहमी वाटायचं की बातमी कळवायला घरची माणसं फोन करून करून थकतात आणि ज्याला कळवायचं राहतं तो जन्मभर रुसतो. म्हणून मी असा प्रोग्राम करायला घेतला की मयताचं नाव, दिवस आणि ठिकाण भरलं की सगळ्या गणगोताच्या फोनवर एकदम संदेश जावा. फोनमधल्या नावांची यादी म्हणून मी माझीच यादी त्यात भरली होती.

चाचणी घ्यायला एक मयत लागत होता. मी रोझबेलाला विचारलं. ती नर्स आहे, मरण रोज बघते, तरी म्हणाली, "माझं नाव घालून तर बघ. घरी दोन लेकरं आहेत माझी." मग मास्तरणीला विचारलं तर तिने आठवडाभर माझ्याशी बोलणं टाकलं. आमच्या शिक्षिका मिस नाफुला बुंगोमाच्या आहेत, आमच्या लुओ लोकांतल्या नाहीत, त्यांना आमच्या या गोष्टींचा कंटाळा येतो.

"अगं, एखादं खोटं नाव घाल ना. ओटिएनो घाल."

"मिस, आमच्या गल्लीत ओटिएनो चार आहेत. त्यातला एक उद्या आजारी पडला तर लोक माझ्या दारात येतील."

"मग शेळीचं नाव घाल."

"कोणाच्या शेळीचं?"

मिस उठून बाहेर गेल्या. लोकांच्या घरात मरण पाठवण्यापेक्षा ते आपल्याच घरात ठेवलेलं बरं, असा विचार करून मी स्वतःचं नाव घातलं. त्या वेळी मला स्वतःच्या समजूतदारपणाचं फार कौतुक वाटलं होतं.

सूचनेचा मजकूर साहेबांनी मागितल्यावरून देते. "ईश्वरेच्छेपुढे नम्र होऊन अत्यंत दुःखाने कळवतो की किसुमूच्या नामवंत सॉफ्टवेअर अभियंता सायप्रोज अविनो यांचं अल्पशा आजाराने निधन झालं. त्या बुद्धिमान, मनमिळाऊ आणि सदैव हसतमुख होत्या. सर्वांनी सोमवारी सकाळी जमावं." खाली केंद्राचा पत्ता दिला होता, कारण ठिकाणाचा रकाना रिकामा ठेवला तर प्रोग्राम पुढे जात नाही. असा मजकूर कोणी लिहिला, असं साहेबांनी विचारलं. मीच लिहिला. दुसरं कोण लिहिणार होतं?

हा संदेश फक्त मिस नाफुलांच्या फोनवर जायचा होता. तशी ओळ मी प्रोग्राममध्ये बदलली होती. बदलल्यावर फाईल जतन करावी लागते. ती मी केली नाही. शनिवारी सकाळी मी बटण दाबलं आणि प्रोग्रामने जुन्या ओळीप्रमाणे काम केलं, म्हणजे माझ्या फोनमधल्या प्रत्येकाला मी गेल्याचं कळवलं. त्यात सासू, नवरा, भाऊ, जुने मालक, चर्चचे पाद्री, घरमालकीण आणि मासेवाली होती.

शनिवार-रविवार आम्ही सगळ्या केंद्रातच मुक्कामाला होतो. घरी नवरे, पोरं आणि चुली काम करू देत नाहीत म्हणून तशी सोय केली होती. मुक्कामात सगळ्यांचे फोन बंद करून कपाटात कुलपात ठेवायचे असा नियम होता. हा नियम मी सुचवला होता आणि हात वर करून मंजूरही मीच करून घेतला होता. त्यामुळे जे जे फोन करत होते त्यांना मयताचा फोन बंद लागत होता, आणि यापेक्षा मोठा पुरावा कोणाला लागतो? फोन जवळ ठेवायची मुभा एकट्या मिस नाफुलांना होती. त्यांना संदेश मिळाला. त्यांनी फळ्यावर माझ्या नावापुढे "छान, व्यवस्थित पोहोचला" असं लिहिलं. त्या रात्री मी तळलेला मासा आणि मक्याच्या पिठाची उगाली दोनदा वाढून घेतली.

आज सकाळी खाली रडारड ऐकू आली म्हणून आम्ही खिडकीतून पाहिलं. मयतीला बांधतात तशा डहाळ्या बांधलेल्या दोन गाड्या उभ्या होत्या, भाड्याच्या खुर्च्या उतरत होत्या. केंद्राच्या गल्लीत कोणी गेलं तर वर बसून राहणं बरं दिसत नाही, म्हणून मी खाली गेले. कपाळावर पदर ओढून एक बाई आक्रोश करत होती. मी तिच्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, "कोण गेलं गं?"

ती मान वर न करता म्हणाली, "आमची सायप्रोज. इंजिनीअर होती गं. आम्हाला कळलंच नाही."

इंजिनीअर म्हटल्यावर माझ्या लक्षात आलं नाही. मी पण तिच्याबरोबर रडायला लागले. किती वेळ रडले ते सांगता येणार नाही, पण मनापासून रडले. मग तिने पदर बाजूला केला आणि माझ्याकडे पाहिलं. ती माझी सासू होती. ती मटकन खाली बसली. तिला पाणी दिलं, ते ती प्यायली आणि पहिलं वाक्य बोलली ते असं, "हिला कुठलंच काम कधी पुरं करता आलं नाही."

एवढ्या वेळात दुसऱ्या गाडीतून माझा भाऊ तोबियास सेमेच्या माणसांसकट उतरला होता आणि माझा नवरा नाफ्ताली याच्यासमोर उभा राहिला होता. त्या दोघांनी अजून मला पाहिलं नव्हतं. भांडण माझं प्रेत कोणी न्यायचं यावर होतं. लग्न झालेल्या बाईला नवऱ्याच्या आवारात, तिच्या स्वतःच्या घरासमोर पुरतात. तोबियास म्हणत होता, "दाजी, घर कुठंय तिचं? सात वर्षं तुमच्या जुन्या खोपटात राहिली माझी बहीण. कुठल्या दारात ठेवणार तिला? आम्ही नेतो सेमेला."

नाफ्ताली म्हणाला, "घर आहे. जाऊन बघून ये. शनिवारी खांब रोवले, काल पत्रे चढवले."

तोबियास म्हणाला, "मग ती जिवंत होती तेव्हा काय, रानात झाडं नव्हती?"

त्यावर नाफ्तालीने त्याला ढकललं. मी मध्ये गेले आणि म्हणाले, "अरे, मी इथं आहे." तोबियासने माझ्याकडे पाहिलं, ओळखलं आणि म्हणाला, "तू थांब गं जरा, तुझंच चाललंय." त्यानंतर खुर्च्या उचलल्या गेल्या. एक खुर्ची दाराला लागून काच फुटली. ती सेमेच्या बाजूची होती की उगुंजाच्या, हे मला दिसलं नाही. दोन्ही बाजूंच्या खुर्च्या एकाच दुकानातून आणल्या होत्या. मग पोलीस आले.

सासर का सोडलं असं विचारल्यावरून सांगते की, भांडून सोडलं नाही. लग्नानंतर घर बांधायचं होतं. पुढच्या वर्षी बांधू असं ठरलं होतं. सासूबाई म्हणायच्या, आधी मूल होऊ दे, मग घर. मूल झालं नाही. मग पुढच्या वर्षाचं बोलणंही हळूहळू कमी झालं. मी किसुमूला आले, दुकानात लागले, आणि मला न्यायला कोणी आलं नाही. मी वाट पाहिली होती. हे साहेबांनी विचारलं नव्हतं, तरी लिहून घ्यावं.

ठाण्यात बाकावर मला नाफ्तालीशेजारी बसवलं होतं. त्याचे डोळे सुजलेले होते आणि तळहातांना फोड आले होते, नखांत माती होती. तो खरोखर रडला होता हे मला दिसत होतं. मी त्याला विचारलं, "घर कसं आहे?"

"चांगलं आहे. मातीच्या भिंती, वर पत्रे. गावची पोरं दोन दिवस झोपली नाहीत. आईनं सगळ्यांना जेवू घातलं."

"जमीन सारवली?"

"सारवली. आईनं स्वतः." मग तो म्हणाला, "झालं ते झालं, सायप्रोज. आता घर आहेच, तर चल."

मला त्या मेलेल्या सायप्रोजचा हेवा वाटला. तिच्यासाठी लोक जागले होते, सासूने वाकून जमीन सारवली होती, आणि तिने सात वर्षं मागितलेली वस्तू दोन दिवसांत उभी राहिली होती. मी क्षणभर तिच्या जागी जाऊन बसले, हेही खरं आहे. मग सहज विचारलं, "खिडकी कुठल्या बाजूला काढली?"

तो विचार करू लागला. नंतर म्हणाला, "खिडकी राहिली. कोणाच्या डोक्यातच आलं नाही." आणि मग आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच कळलं असावं, कारण त्याने हात मांडीखाली घेतले आणि पुन्हा मला चल म्हणाला नाही. मला तेव्हा रडू आलं. सकाळच्यापेक्षा हे वेगळं होतं, त्यात आवाज नव्हता.

माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. काचेची भरपाई मी करून देईन. ज्यांना त्रास झाला त्यांना मी त्याच प्रोग्रामने माफीचा संदेश पाठवणार होते, पण मिस नाफुलांनी हात जोडले. घरमालकिणीने माझी खोली रविवारीच दुसऱ्या भाडेकरूला दाखवली आहे, तिला मात्र साहेबांनी एक फोन करावा.

माझा देह नवऱ्याकडे द्यावा की भावाकडे, असं दोन्ही बाजूंनी लेखी विचारलं आहे. त्यावर माझं म्हणणं असं की सदर देह सध्या माझ्याच वापरात आहे आणि शुक्रवारी मला तो लागणार आहे. केंद्राच्या संचालक बाईंनी सांगितलं आहे की ठाण्याचा कागद असल्याशिवाय मला पाहुण्यांसमोर उभं करणार नाहीत. तरी मी जिवंत असून गुन्हेगार नाही अशा अर्थाचा शिक्का मारलेला कागद गुरुवारपर्यंत मिळावा. प्रोग्राम चालतो का, असं पाहुण्यांनी विचारलं तर मी त्यांना दोन गाड्या माणसांची नावं देऊ शकते.

त्या घराबद्दल माझं एवढंच म्हणणं आहे की ते पाडू नये. सासूबाईंनी तिथे धान्य ठेवावं.

हा जबाब सार्जंट किपरोनो साहेबांनी संगणकावर घेतला आणि मला आमच्या लुओ भाषेत वाचून दाखवला. दोन ठिकाणी "मयत" लिहिलं गेलं होतं, तिथे माझं नाव घालून घेतलं. बाकी मी सांगितलं तसंच आहे आणि खरं आहे. सही करण्याआधी मी साहेबांना फाईल जतन केली का असं विचारलं. ते केली म्हणाले. मी टेबलाच्या पलीकडे जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. केली नव्हती. मी केली.